कळ कुणी काढायची?

माथेरानला मोटार जात नाही. नेरळहून वर आलेली गाडी दस्तुरी नाक्याला थांबते आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचा तांबड्या मातीचा अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता पायी, घोड्यावरून किंवा हातरिक्षातून कापावा लागायचा. हातरिक्षा म्हणजे माणसाने माणसाला ओढायचे वाहन. पुढे एक जण दांडा धरून, चढावर मागून ढकलायला आणखी कुणी. अशा 94 परवानाधारक रिक्षा तिथे वर्षानुवर्षे चालल्या. आत बसलेला झाडी बघे, ओढणारा पायाखालचा दगड बघे. त्याच्या गुडघ्यांची आणि छातीतल्या धापेची विचारपूस करण्याचे प्रवाशाला काही कारण नव्हते. शेवटी ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 2022च्या अखेरीस प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असे बजावले.

अंगमेहनतीवर जगणाऱ्या पुरुषांनी ‘आता शरीर साथ देत नाही’ हे देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयात कागदावर मांडावे, ही घटना कर्जत तालुक्यात घडली. तिची चर्चा पर्यटनाची बातमी म्हणून झाली, मानवी प्रतिष्ठेचा निकाल म्हणूनही झाली. पुरुषाने आपल्या दुखण्याबद्दल तोंड उघडले आणि त्याला कुणी बायल्या म्हटले नाही, ही बाजू मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. तो एकटाच गुडघा धरून कट्ट्यावर बसला असता तर ‘आळशी झाला’, ‘वय झालं’ किंवा ‘रात्री जास्त झाली असेल’ यांपैकी एक शेरा ठरलेला होता.

त्याच डोंगरावर पायथ्याच्या वाड्यांतून बायकाही चढतात. डोक्यावर फळांची पाटी, भाजीची टोपली, कधी लाकडाची मोळी. त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याला परवाना लागत नाही, म्हणून परवानाधारकांची संख्या नाही, संघटना नाही आणि याचिकाही नाही. मान दुखते का, असे त्यांना विचारले तर बहुतेकदा हसू मिळते. मान दुखणे म्हणजे काही दुखणे नव्हे.

आजारपणात बाई कशी वागते आणि पुरुष कसा वागतो याबद्दलच्या ठाम समजुती हा या लेखाचा विषय आहे. तो शहरातल्या दवाखान्यातही शोधता येईल. पण कर्जत आणि खालापूर हे रायगडच्या पोटातले दोन तालुके त्यासाठी फार सोयीचे आहेत. बोरघाटाच्या पायथ्याशी भातशेती आहे, ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत, खोपोली-रसायनी पट्ट्यातले कारखाने आहेत, पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारे चाकरमाने आहेत आणि या सगळ्यांच्या मधोमध शहरवाल्यांची फार्महाऊस आहेत. कष्टाचे इतके प्रकार इतक्या जवळजवळ असले की कुणाच्या दुखण्याला काय भाव मिळतो ते उघडे पडते.

सुरुवात भाषेपासून केलेली बरी. मराठीत दुखणे ‘अंगावर काढतात’. जणू ते अंगावर घ्यायचे वस्त्र आहे आणि ते नेसून दिवस ढकलायचा आहे. दुसरा शब्दप्रयोग ‘कळ काढणे’. कळ म्हणजे वेदना, पण ‘जरा कळ काढ’ याचा अर्थ ‘जरा थांब’. उशिरा येणाऱ्या गाडीसाठीही कळ काढतात आणि बाळंतवेणांतल्या बाईलाही कळ काढायला सांगतात. वेदना आणि वाट पाहणे यांना एकाच शब्दात बसवणाऱ्या समाजाला दुखण्याची ओळख नाही असे कोण म्हणेल? प्रश्न इतकाच की हे आज्ञार्थी क्रियापद कुणाला उद्देशून वापरले जाते.

त्याचे उत्तर एका घरात दोन तऱ्हेने मिळते, आणि गंमत म्हणजे ही दोन उत्तरे एकमेकांना सरळ छेद देतात. पहिले असे, की बाईची जात सोशीक. बाळंतपण सोसणारीला डोकेदुखीचे काय, पुरुषाला मात्र जराशी कणकण आली की तो घर डोक्यावर घेतो. दुसरे असे, की पुरुष कणखर. तो बोट तुटले तरी चिंधी बांधून कामाला लागतो, बायकांचे आपले नेहमीच काहीतरी दुखत असते. दोन्ही वाक्ये एकाच ओटीवर, एकाच माणसाच्या तोंडून, अर्ध्या तासाच्या अंतराने ऐकायला मिळू शकतात. दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. तरी दोन्ही टिकून आहेत, कारण त्यांचा उपयोग माहिती सांगण्यासाठी होतच नाही. पहिल्या वाक्याने बाईला कामाला लावता येते आणि दुसऱ्याने तिला गप्प करता येते. पुरुषाचेही तेच, एकाने त्याची टिंगल होते, दुसऱ्याने त्याची पाठ थोपटून त्याला पुन्हा कामावर धाडता येते.

शास्त्र काय म्हणते? थंडगार पाण्यात हात बुडवणे, बोटावर दाब देणे अशा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत बायका सरासरीने लवकर ‘दुखते’ म्हणतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. त्यावरून बायका नाजूक असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. 1991 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात बर्फाच्या पाण्यात हात बुडवलेल्या पुरुषांनी समोर नोंद घेणारी स्त्री असली की आपली वेदना कमी सांगितली. पाणी तेवढेच गार, हातही तोच, आकडा तेवढा बदलला. मग मोजली गेली ती वेदना की मर्दानगी?

2019चा एक अभ्यास तर आणखी बोलका आहे. पाच वर्षांच्या एका लेकराच्या बोटाला रक्ततपासणीसाठी सुई टोचल्याची चित्रफीत 264 प्रौढांना दाखवली. काहींना सांगितले हा सॅम्युअल, काहींना सांगितले ही समांथा. चित्रफीत एकच, रडणेही एकच. मुलगा समजून पाहणाऱ्यांनी वेदना जास्त धरली. मुलगा असून रडतो म्हणजे खरेच दुखले असणार, मुलगी काय, रडणारच. आणि हा फरक मुख्यतः पाहणाऱ्या बायकांच्या उत्तरांत दिसला. सासू-सुनेच्या मुलुखात यावर वेगळे भाष्य नको.

मोठेपणी याची किंमत मिनिटांत मोजता येते. 2008 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातली पाहणी प्रसिद्ध झाली. तीव्र पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला सर्वसाधारणपणे 49 मिनिटे लागत होती, बायकांना 65. सांगितलेली वेदना सारखीच होती.

फिलाडेल्फियाचे नाव मराठी वाचकाला परके नाही. कर्जतच्या लोकलनेच गाठता येते अशा कल्याणात वाढलेली आनंदीबाई जोशी 1886 मध्ये तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. चौदाव्या वर्षी झालेले तिचे मूल दहा दिवसांत गेले होते. परदेशी निघण्याआधी, फेब्रुवारी 1883 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूर इथे तिने जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, हा त्याचा गाभा. पुरुष डॉक्टरापुढे बाई आपले दुखणे उघड करत नाही, ही अडचण तेव्हाच्या सगळ्या शहाण्या माणसांना ठाऊक होती. तिला त्यांनी ‘लज्जा’ म्हटले आणि तिचे कौतुक केले. आनंदीबाईने तिच्यावर डॉक्टरकीचा उपाय सुचवला. ती परतली तेव्हा क्षयाने पोखरली होती आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, पुण्यात गेली.

शंभर वर्षांनी चित्र किती बदलले होते ते डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत पाहिले. दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित काही ना काही आजार होता, एकीला सरासरी साडेतीनहून जास्त. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगभरच्या आरोग्य धोरणात हा अभ्यास गाजला. इथल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला एक उपआकडा अधिक महत्त्वाचा आहे: सुमारे 45 टक्के स्त्रियांनी कुठलीच तक्रार सांगितली नव्हती. ‘अंगावरून जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’ हे दोन शब्दप्रयोग शेजारीशेजारी राहतात ते उगाच नव्हे. आईला होते, आजीला होते, जावेला होते, म्हणजे तो आजार नसून बाईपण आहे, अशी ती समजूत. सगळ्यांनाच असलेल्या दुखण्याला नाव पडत नाही.

गडचिरोलीपासून रायगड लांब आहे, पण चिखल इथेही तोच. जुलैत कर्जत-खालापुरात भाताची लावणी चालते. चिखलणीचा नांगर पुरुषाकडे, आता बऱ्याच ठिकाणी पॉवर टिलर. लावणी बाईकडे. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, घोटाभर चिखल, कंबरेत वाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक चूड रोवत मागे सरकायचे. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांवर खोबरेल तेल किंवा हळद. कंबर मात्र तेलाने ऐकत नाही. नांगराचा फाळ लागून पुरुषाचा पाय कापला तर तो प्रसंग असतो. माणसे धावतात, दुचाकी निघते, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते. वाकून वाकून कंबर गेली तर तो प्रसंग नसतो, कारण ती कुठल्याच दिवशी गेलेली नसते. घाव आणि झीज यांत हा फरक आहे. पुरुषाच्या कामात घाव जास्त, बाईच्या कामात झीज जास्त, आणि घराची काय, दवाखान्याची नजरसुद्धा घावाकडे आधी वळते. सोशीकपणाची अर्धी दंतकथा एवढ्यावरच उभी आहे. त्यात रक्ताची भर घाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, पुरुष 22 टक्के. जिला पायऱ्या चढताना धाप लागते तिला आपण ‘सुस्त’ म्हणत असू, तर तो शब्द एकदा तपासून घेतलेला बरा.

सोसायला दोघेही काहीतरी हाताशी ठेवतात. पुरुष दिवसभर वीट वाहून, रेती उपसून आला की ‘अंग मोडून येतंय’ म्हणून हातभट्टीकडे किंवा देशीच्या दुकानाकडे वळतो. बाई सकाळी उठल्या उठल्या हिरड्यांना मशेरी लावते. दारूला व्यसन म्हणतात. मशेरीला मात्र सवय म्हणतात, पोट साफ होते म्हणतात, दात दुखायचे थांबतात म्हणतात. मुंबईत झालेला आणि 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की गर्भारपणात मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. एकाचे औषध गल्लीत तमाशा करते, दुसरीचे पुढच्या पिढीच्या वजनकाट्यावर दिसते. दोन्हींचे मूळ त्याच न सांगितलेल्या अंगदुखीत.

कातकरी कुटुंबांचा हिशेब आणखी उघडा आहे. पावसाळा संपला की बरीचशी वाडी वीटभट्टीवर जाते. मालकाकडून बयाणा आधीच उचललेला असतो आणि तो फेडायचा तो जोडप्याने, बहुतेकदा पोरांनाही हाताशी घेऊन. अशा जागी आजारी पडणे ही प्रकृतीची नव्हे, खात्याची गोष्ट असते. याचेच टोक बीडच्या ऊसतोडणीत दिसले. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि एकीने दिवस मोडला तर खाड्याचा दंड दोघांच्या हिशेबातून. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82 हजार 309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13 हजार 861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. बातम्यांनी त्यात डॉक्टरांचा लोभ पाहिला, तो होताच. पण मुळात पोटातली कळ चार दिवस काढायलाही सवड नसेल तर माणूस कळेचे मूळच कापून टाकायला तयार होतो. त्या स्त्रियांना सोशीक म्हणावे की सोसणे नाकारणाऱ्या? रूढ चौकटीत त्या कुठेच बसत नाहीत.

एवढे वाचून हा बायकांच्या बाजूचा लेख आहे असे कुणाला वाटले तर त्याने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची नोंदवही उघडावी. पुरुषांबद्दलचा समज तिथे पुरुषांच्याच अंगाशी आला आहे, आणि भुर्दंड पुन्हा बाईने भरला आहे. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते. पुरुषांचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. बाईची शस्त्रक्रिया पोटात शिरून करावी लागते. पुरुषाची कातडीखालची, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होणारी, आणि तो त्याच दिवशी घरी जातो. तरीही वाडीवाडीत एकच वाक्य: ‘पुरुषाला ओझं उचलायचं असतं, त्याची ताकद जाते.’ ताकद जात नाही, हे आशाताई सांगून थकतात. ज्या कणखर पुरुषाला बोट तुटल्याचे काही वाटत नाही, त्याला या एका चिरेची मात्र धास्ती वाटते, आणि ‘सोशीक’ बायको दोन टाके घालून आठवड्यात पाण्याचा हंडा उचलते. हे नेहमी असेच होते असेही नाही. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे चालत, गाडीतून उतरून माणसे तिथे जात. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या 62 लाख पुरुषांच्या, आणि कित्येक जबरदस्तीच्या. त्या धसक्याने पुरुष जो शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठला तो परत आलाच नाही. म्हणजे ‘पुरुष असाच असतो’ म्हणून जे सांगितले जाते त्याला जेमतेम पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

कणखरपणाची दुसरी बाजू अधिक काळी. 2021 मध्ये महाराष्ट्रात 22 हजार 207 आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. देशभरात दर दहांमागे सातांहून अधिक पुरुष. क्षयाचेही तसेच: 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत रोगाचे प्रमाण पुरुषांत बरेच जास्त निघाले, आणि लक्षणे असलेल्या शंभरांतले 64 जण उपचाराला गेलेच नव्हते. तीन आठवड्यांचा खोकला ‘बिडीचा आहे’ म्हणून अंगावर काढणारा कामगार आणि पांढरे जाते ते ‘बाईपणाचे’ म्हणून अंगावर काढणारी शेतमजूर एकाच एसटीने गावी परततात. त्यांना एकमेकांच्या दुखण्याची खबर नसते. स्वतःच्याही नसते.

मग दुखणे ओळखायचे कसे? याचा एक धडा रायगडच्याच दक्षिणेकडून मिळतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1970च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला. लाल विंचू चावलेली माणसे तेव्हा मोठ्या संख्येने दगावत. दंशाच्या जागी नुसता भयंकर ठणका असून जो गडाबडा लोळतो तो बहुधा वाचतो, हे त्यांनी दाखवले. ज्याला दरदरून घाम सुटला आहे, ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याच्याकडे आधी धावायचे. प्रॅझोसिन या औषधाच्या वापराने पुढे मृत्यू झपाट्याने घटले. ओरडण्याच्या मोठेपणावरून रांग लावायची नाही, हे इथल्याच एका दवाखान्यात चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झाले. घराघरात ते अजून पोहोचायचे आहे. डोंगरातल्या वाडीवरून झोळी करून कुणाला खाली न्यायचे आणि कुणाला ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचे, हा निर्णय रात्री दोन वाजता चार पुरुष घेतात, कारण झोळी वाहायची त्यांनाच असते. इर्शाळवाडीसारख्या वस्त्या रस्त्यापासून किती दूर होत्या हे 19 जुलै 2023च्या रात्री दरड कोसळल्यावर सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तिथल्या साध्या दुखण्यांनाही रोज तीच पायवाट उतरावी लागत होती.

कर्जत स्थानकाबाहेर संध्याकाळच्या लोकलची गर्दी ओसरू लागली की औषधांच्या दुकानावर थोडी वर्दळ होते. डबा खांद्याला लावलेला माणूस कंबरदुखीच्या दोन गोळ्या मागतो. दुकानदार डायक्लोफेनॅकची पट्टी कात्रीने कापतो आणि कागदाच्या पुडीत टाकता टाकता विचारतो, कुणाला पाहिजेत, जेवून घ्यायला सांगा. ‘घरच्यांना,’ एवढेच उत्तर येते. बायकोचे नाव घ्यायचे नसते म्हणून ते तसे असेल, किंवा गोळ्या स्वतःलाच हव्या असल्या तरी तसेच म्हणायची सवय असेल. सुटे पैसे मोजून होईपर्यंत खोपोली गाडीची घोषणा होते.